मागच्या सीटचा कौल
पैनगंगेचा पूल ओलांडून नागपूर गाठायचे म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. मित्राची जुनी अ‍ॅव्हेंजर २२० घ्यावी की २०२० साली आलेली मीटिअर ३५०? पहिलीची सीट ७३७ मिलिमीटर उंच, दुसरीची ७६५. आमच्यासारख्या बुटक्यांना दोन्ही सोयीच्या. मीटिअरचे इंजिन मोठे, हायवेवर निवांत चालते. पण १९१ किलोचे ते धूड अंगणातून मागे ढकलायचे कोणी? शिवाय क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला. उटनूरच्या रस्त्याने दोन्ही चालवून पाहिल्या. सौ. म्हणाली, "मागे मी बसणार, मग मला नको का विचारायला?" तिला मणक्याचा त्रास आहे. दोन्हींवर तासतासभर बसून तिने मीटिअरवर बोट ठेवले. मी अजून हप्ते मोजतो आहे.