चहा चालेल, मी चालणार नाही

मालेगावच्या कॅम्प भागात माझा एक शाळूसोबती राहतो. वयाच्या दुसऱ्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतले बळ गेले. शाळेत तो थोरल्या भावाच्या पाठीवर बसून यायचा. पुढे हाताने फिरवायची तीनचाकी सायकल आली आणि आता गेली काही वर्षे चाकाची खुर्ची आहे. चार-पाच यंत्रमागवाल्यांचे हिशेब तो घरी बसून लिहितो. सूत किती आले, कापड किती गेले, मजुरी किती द्यायची. या वह्यांच्या मागच्या पानांवर तो गेली वीस-पंचवीस वर्षे चित्रे काढत आला आहे, याचा पत्ता मात्र मला परवापरवापर्यंत नव्हता.

तो लागला एका लग्नघरी. खुर्ची मी ढकलत होतो. यजमानांचे भाऊ लगबगीने पुढे आले, त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या मित्राच्या डोक्यावरून मलाच विचारले, ‘‘यांना चहा चालेल का?’’ मी उत्तर देणार तोच खालून आवाज आला, ‘‘चहा चालेल. मी चालणार नाही.’’ बिचारे यजमान! हसावे की माफी मागावी हे त्यांना कळेना. आजूबाजूच्या चार माणसांनी एकदम पंख्याकडे बघितले. मित्र मात्र चहा बशीत ओतून निवांत पीत होता.

त्या संध्याकाळी त्याने वह्या काढल्या. एका चित्रात देवळाची पायरी आहे. घरची सगळी मंडळी दर्शनाला वर गेली आहेत आणि खाली खुर्चीत बसलेल्या गृहस्थाच्या मांडीवर, हातात, खुर्चीच्या दांड्यांना साऱ्या कुटुंबाच्या चपला लटकत आहेत. एक परका भाविक आपलीही जोडी त्याच्यापुढे धरून म्हणतो आहे, ‘टोकन द्या.’ दुसऱ्यात न्हाणीघराचे दार चोवीस इंचांचे आणि खुर्ची सव्वीस इंचांची. गृहस्थ दाराला टेप लावून बसला आहे आणि शेजारी गवंडी त्याला सल्ला देतो आहे की, थोडे बारीक व्हा. तिसरे मला सर्वांत आवडले. एक कचेरी, तिला उभा जिना, जिन्यावर पाटी : ‘हयातीचे दाखले वर मिळतील’. खाली खुर्च्या, कुबड्या, काठ्या यांची रांग लागली आहे आणि शिपाई सांगतो आहे, ‘जिवंत असल्याचा दाखला हवा ना? मग आधी वर जा!’

निराधार योजनेचे अनुदान चालू राहावे म्हणून दर वर्षी असा दाखला द्यावा लागतो, हे ज्यांच्या घरी कुणी अपंग किंवा वृद्ध आहे त्यांना सांगायला नको.

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. ‘‘भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. स्वतःचं असं हसं कुणी करून घेतं का?’’ त्यांचा प्रश्न खरा होता आणि तो वरवर उडवून लावण्यासारखा नव्हता. आपल्या समाजाने अपंगांवर पोटभर हसून घेतले आहे. लंगड्या, बहिऱ्या, चकण्या ही टोपणनावे गल्लीगल्लीत माणसाच्या खऱ्या नावाआधी पोचतात. आंधळे दळते आणि वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते, या म्हणी आपण मुलांना शाळेत पाठ करायला लावतो. हिंदी-मराठी सिनेमात तोतरा आला की समोरच्या बाकांवरून शिट्टी ठरलेली. सारा जन्म ज्या माऊलीने नवऱ्याला त्या शिट्टीपासून जपले, तिला त्याच्याच हातची ही चित्रे टोचली तर नवल काय?

पण वहिनींना न पटलेली एक गोष्ट मला त्या वह्यांत पुन्हापुन्हा दिसली. खुर्चीतला गृहस्थ सगळीकडे एकसारखा आहे. नीट भांग, धुतलेला सदरा, चेहऱ्यावर शांत कंटाळा. तो वेडावाकडा कुठेच नाही. वाकडे आहेत ते बाकीचे : शिपाई, गवंडी, भाविक, आणि त्यांच्याहूनही तो जिना. हसे झाले आहे ते जिन्याचे.

हे तंत्र आपल्याला परके नाही. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस अर्धशतकभर तोंडातून अवाक्षर न काढता कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याच्या नुसत्या असण्याने मंत्र्यासंत्र्यांचे पितळ उघडे पडले. २००३ साली लक्ष्मण यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू दुबळी झाली, शेवटची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. उजव्या हातातली रेघ मात्र त्यांनी सोडली नाही. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात ते गेले. शि. द. फडणिसांनी तर शब्दही टाकून दिले. छत्री, जिना, खुर्ची, आरसा या वस्तूंची जागा जराशी हलवायची की हसू आपोआप फुटते, हे त्यांच्या चित्रांनी मराठी घरांना दिवाळी अंकांतून शिकवले. माझ्या मित्राने काय वेगळे केले? चार फुटांवरून जग बघायचे आणि ते जसे दिसते तसे काढायचे. चार फुटांवरून पायरी फार विनोदी दिसते. आपण तिच्यावरून रोज जातो, म्हणून ती आपल्याला दिसतच नाही.

एकनाथ महाराजांच्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो, पांगळाही येतो. तेथे तो पांगळा म्हणजे वाट चुकलेला जीव असतो. परमेश्वराची कृपा झाली की पांगळा डोंगर ओलांडतो, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या थोर परंपरेला वंदन करून एवढेच म्हणावेसे वाटते की डोंगर राहू द्या. बँकेची अडीच फुटांची पायरी आधी बघू. शतकानुशतके आपण पांगळ्याला रूपक केले. त्याला स्वतःला काही म्हणायचे असेल, आणि ते गमतीचे असेल, ही शक्यताच आपल्या हिशेबात नव्हती.

नसीमा हुरजूक यांनी ती आपल्या हिशेबात आणली, पण वेगळ्या रीतीने. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या पायांतले बळ गेले. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण यांना पाहून त्या उभ्या राहिल्या (हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो आहे) आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था त्यांनी सुरू केली. आपल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिले ‘चाकाची खुर्ची’. ना अश्रू, ना झुंज, ना भरारी. एका वस्तूचे साधे नाव. कीव आणि जयजयकार या दोन्ही गोष्टी दाराबाहेर ठेवणारे हे नाव मला आजही एखाद्या चांगल्या व्यंगचित्राइतके नेमके वाटते.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन कॅलहन मात्र दार सताड उघडे टाकून बसले. १९७२ साली, एकविसाव्या वर्षी मोटारीच्या अपघातात त्यांचा मणका गेला. गाडी चालवणारा मित्र प्यालेला होता आणि तेही. बोटांत पकड राहिली नाही, तेव्हा उजव्या हातात पेन अडकवून डाव्या हाताने तो हात ढकलत ते चित्रे काढत. त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र असे : वाळवंटात घोडेस्वार शिपाई फरारी गुन्हेगाराच्या मागावर आहेत, समोर रिकामी चाकाची खुर्ची पडली आहे, आणि म्होरक्या साथीदारांना धीर देतो आहे की पायी तो कितीसा लांब जाणार! वृत्तपत्राकडे संतापाची पत्रे येत. ती बहुधा धडधाकट वाचकांची असत. आपण मर्यादा ओलांडली का, हे कॅलहन खुर्चीत बसलेल्या वाचकांना विचारून ठरवत. २०१० साली ते वारले.

त्यांची सगळीच चित्रे रविवारी सकाळी घरात मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. काही मला स्वतःला सोसत नाहीत. पण ती कुणी काढली हे कळले की सोसण्याचा हिशेब बदलतो. तोच विनोद पायांवर उभ्या माणसाने केला असता तर? आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटातल्या चित्रणाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा ८ जुलै २०२४ च्या निकालपत्रात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि अपंगाला तुच्छ करणारा विनोद असा भेद केला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने काही विनोदवीरांना अपंगांची थट्टा केल्याबद्दल जाहीर माफी मागायला लावले. कायद्याच्या भाषेत हा भेद करणे अवघड. घरात तो सोपा आहे. विनोद झाल्यावर खुर्चीतल्या माणसाचा चेहरा बघायचा.

तसे पाहिले तर मालेगावला हे शिकवायला कुणी बाहेरून येण्याची गरज नाही. शुक्रवारी माग बंद ठेवून सिनेमाला जाणारे हे गाव. येथल्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. सायकलवर कॅमेरा बांधून, बैलगाडीची क्रेन करून मुंबईच्या बड्या धेंडांची नक्कल केली. पुढे सुपरमॅन केला तो शफीक शेख या काटकुळ्या यंत्रमाग कामगाराला घेऊन. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने ही गोष्ट जगभर नेली, २०२५ साली रीमा कागतींचा चित्रपटही पडद्यावर आला. तो चित्रपट बघायला शफीक उरले नव्हते. २०११ सालीच कर्करोगाने त्यांना नेले. त्या काटकुळ्या सुपरमॅनला पाहून गाव खदखदून हसले, पण त्याची कीव कुणी केली नाही. आपल्या दारिद्र्यावर आपण आधी हसलो की दुसऱ्याला कीव करायला जागा उरत नाही, हे मालेगावच्या बोळांना पक्के ठाऊक आहे. माझा मित्र त्याच बोळांचा.

कधी कधी चित्रकाराला काही करावेच लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या चाकाची खुर्ची वापरणाऱ्या तरुणीचे लग्न मुंबईत नोंदणी पद्धतीने झाले. खारचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही, आणि सही घ्यायला खाली यायला कुणी तयार नाही. नवरीला उचलून वर नेले! पडता पडता वाचली असती की नसती, या धास्तीत तिने आयुष्याची सही केली. नंतर तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. हयातीच्या दाखल्याचे चित्र मित्राने या घटनेच्या कितीतरी आधी काढले होते. मी त्याला बातमी दाखवली तेव्हा तो म्हणाला, ‘‘बघ, सरकार माझी कल्पना चोरतं.’’

अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा, दुसरा २०१६ चा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यातले चोपन्न लाख हालचालीचे अपंग. २०१५ च्या डिसेंबरात सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि त्याच महिन्यात अपंगांचे दिव्यांग झाले. नाव दिव्य झाले, पायरी तीच राहिली. उताराचे गणित काही अवघड नाही : एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या ओट्याला चोवीस फूट हवेत. आपल्याकडे उतार बांधतात तो सहा फुटांचा. त्यावरून खुर्ची वर जात नाही. खाली येते ती मात्र थेट रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंत. (हेही चित्र वहीत आहे. पानवाला विचारतो, ‘नेहमीचंच ना?’)

येथे एक सावधगिरी. अपंगाने हसलेच पाहिजे, अशी नवी सक्ती आपण लादू नये. खुर्चीचे पुढचे चाक मोडले तेव्हा माझा मित्र तीन आठवडे घरात होता. सायकलवाल्याकडे त्या मापाचे बेअरिंग नव्हते. त्या तीन आठवड्यांची वहीतली पाने कोरी आहेत. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘तेव्हा गंमत वाटत नव्हती.’’ एवढेच. मीही पुढे विचारले नाही.

गावातल्या एका कचेरीत उतारावर मोटारसायकली लावलेल्या असत. त्याने दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली. तिसऱ्यांदा त्याने चित्र दिले : उतारावर ओळीने मोटारसायकली, प्रत्येकीच्या गळ्यात अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आणि खुर्चीतला गृहस्थ त्यांना विचारतो आहे, ‘आपले किती टक्के?’ शिपाई मनसोक्त हसला आणि त्याने ते भिंतीवर चिकटवले. आठ दिवस उतार मोकळा होता. नवव्या दिवशी एक गाडी परत आली. तिच्या मागे दुसरी.

परवा पुन्हा गेलो, तेव्हा वहिनी वही घेऊन बसल्या होत्या. पाने उलटून उलटून त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, यांत मी कुठे आहे?’’ मी पाहू लागलो. खरेच, प्रत्येक चित्रात खुर्चीच्या मागे दोन हात होते. बांगड्या घातलेले दोन हात. बाकीची बाई कागदाच्या कडेला कापली गेली होती. चपला सांभाळताना, जिन्याखाली, उतारावर, सगळीकडे नुसते दोन हात.

मित्र बराच वेळ गप्प बसला. मग त्याने नवे पान उघडले, पेन्सिल घेतली आणि अर्ध्या तासाने पान वहिनींपुढे धरले.

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. ‘‘एवढी जाडी नाही हं मी,’’ त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या.