परक्यांसाठी ठेवलेलं कच्चं कुलूप

२६ एप्रिल २०२४. मतदानासाठी पुण्याहून दारव्ह्याला आलो होतो. बोटावरची शाई वाळायच्या आत काकांनी विचारलं, "काय रे, व्हॉट्सॲप बंद होऊन राह्यलं म्हन्ते?"

आदल्या दिवशी दिल्ली उच्च न्यायालयात व्हॉट्सॲपच्या वकिलांनी सांगितलं होतं, की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्हाला इथे राहता येणार नाही. वाद २०२१च्या आयटी नियमांतल्या एका अटीचा: मेसेज सगळ्यात आधी कोणी पाठवला, ते शोधून द्या. घरातल्या टीव्हीवर ती अट कुणी समजावून सांगत नव्हतं. 'व्हॉट्सॲप भारत सोडणार?' एवढंच चाललं होतं.

एन्क्रिप्शनची बातमी आपल्याकडे बहुतेकदा अशीच येते. एकीकडे सरकार, दुसरीकडे परदेशी कंपनी, मधे दहशतवादी. ज्याच्या दाराचं कुलूप आहे, तो माणूसच गायब.

या कुलपाच्या निर्यातीची गोष्ट आपल्या बातम्यांनी नीट सांगितली असती, तर काकांचा प्रश्न वेगळा असता. १९९०च्या दशकात अमेरिकेने मजबूत एन्क्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत घातलं होतं. त्यामुळे नेटस्केप ब्राउझर दोन प्रकारचा निघायचा: घरच्यांना १२८ बिटची किल्ली, बाहेरच्यांना ४० बिटची. बाहेरचे म्हणजे तुम्ही-आम्ही. १९९५ साली फ्रान्समधल्या दामिएं दोलिगे या संशोधकाने अशी एक किल्ली आठ दिवसांत शोधून काढली. आपल्याकडेही इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात परवानगीशिवाय ४० बिटचीच मर्यादा होती. आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँक मात्र बँकांना किमान १२८ बिट वापरा म्हणत होती!

अमेरिकेने २००० साली निर्बंध बरेच सैल केले. पण ते कच्चं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये तसंच पडून राहिलं. २०१५ मध्ये 'फ्रीक' नावाची त्रुटी उघडकीला आली: मधला चोर ब्राउझर आणि वेबसाइट दोघांना फसवून तेच निर्यातीचं कुलूप लावायला लावू शकत होता. खुद्द अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएची वेबसाइट त्यात सापडली. परक्यांसाठी पाडलेलं भोक घरच्याच भिंतीला निघालं.

डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार करारात गेला. एन्क्रिप्शनची निर्यातही याच कराराच्या याद्यांत येते. पण मी वाचलेल्या बातम्या 'मोठ्या क्लबात प्रवेश' याच आनंदात होत्या.

अफवांचा मुद्दा खोटा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. अफवा पसरवणारा सापडलाच पाहिजे. पण पहिला मेसेज शोधायचा, तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजची खूण आधीपासून जपून ठेवावी लागेल. गुन्हेगार कोण ते आधी ठाऊक नसतं, म्हणून पाळत सगळ्यांवर. ही किंमत मान्य आहे का, हे लोकांना विचारा. पण आधी ती किंमत आहे हे तरी सांगा.

तेवढं सांगायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. किल्ली कोणाकडे राहणार, आणि ती चोरीला गेली तर भरपाई कोण करणार, एवढे दोन प्रश्न पत्रकाराने विचारले तरी पुष्कळ.

काकांना म्हटलं, "बंद पडायचं टेन्शन घेऊ नका. चालू राहून उघडं पडलं तर काय, ते विचारा." काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "मंग हे कोनी सांगत काऊन नाही?"