दुखणे, मनी आणि दहावीचा निकाल



दुखणे आणि पगार, दोन्ही चारचौघांत सांगू नयेत अशी आपल्या वस्त्यांतून समजूत आहे. पगाराचे एक वेळ समजू शकते. दुखण्याच्या बाबतीत मात्र ही समजूत महागात पडते. म्हणून या वेळी सदरात दुसऱ्या कोणाचे न सांगता आमच्याच घरचे, २०२५ सालचे सांगत आहोत. सूनबाईला विचारूनच लिहीत आहोत. ती म्हणाली, "लिहा, नाव नका घालू म्हणजे झाले."

विक्रोळीच्या आमच्या खोलीत आम्ही उभयता, थोरला मुलगा, सूनबाई, त्यांची दोन मुले आणि धाकटी लेक असे सात जण राहतो. शिवाय मनी. मनी म्हणजे मांजर. २०२३ च्या पावसात जिन्याखाली भिजत बसली होती, नातीने फ्रॉकमध्ये गुंडाळून वर आणली, ती राहिलीच.

सूनबाई शिलाई कारखान्यात मशीनवर बसायची. जानेवारीत तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचे, ब्लाउज ढिले पडू लागले. नातू दहावीला. त्याची परीक्षा होईपर्यंत अंगावर काढायचे असे तिने मनाशी ठरविले होते. जवळच्या एका डॉक्टरांकडे ती जाऊन यायची. त्यांनी पाच आठवडे खोकल्याच्या बाटल्या दिल्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर बेडका तपासला पाहिजे, पण तसे त्यांनी एकदाही सांगितले नाही. पैसे मात्र दर खेपेला घेतले. शेवटी तिच्या रुमालावर रक्ताचा डाग लेकीने पाहिला आणि वहिनीचा हात धरून तिला पालिकेच्या दवाखान्यात नेले. ७ मार्चला गोळ्या सुरू झाल्या. फुप्फुसाचा टीबी. नातवाचे पेपर चालू होते, १७ मार्चपर्यंत होते. त्याला कसे सांगावे या विचारात आम्ही होतो, तर तोच म्हणाला, "आजी, मला कळले आहे. आईच्या गोळ्यांची वेळ मी लिहून ठेवली आहे."

बातमी कळताच विहीणबाई आल्या. मुलीसाठी जीव तुटत होता, यात शंका नाही. पण आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कोणाला कळू देऊ नका, तुमच्या लेकीचे लग्न व्हायचे आहे. दुसरी, मांजर सोडून या, त्याचे केस पोटात जाऊन हा रोग झाला. शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली, "तिचे ताट-पेला वेगळा ठेवा."

मनीचा निकाल दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनीच लावला. हा रोग जंतूंमुळे होतो, आणि रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू २४ मार्च १८८२ रोजीच जगाला सांगितला. रोगी खोकतो, शिंकतो, त्या हवेतून तो दुसऱ्या माणसाच्या फुप्फुसात जातो. यात मांजराच्या केसांचा काही संबंध नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरा, मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांत लागण होण्याचे भय बरेच कमी होते, असे त्यांनी समजावले. सूनबाईचे अंथरूण खिडकीपाशी गेले. मनी तिच्या पायाशी.

ताटाचे मात्र आम्हीच ठरविले. जेवणाच्या भांड्यांतून टीबी पसरत नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या. पण त्या तसे म्हणाल्या नसत्या, तरी वेगळे ताट या घरात निघाले नसते. आमच्या आजीने गावात वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलून प्यायले आहे. वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ज्यांच्या पूर्वजांना पेला मिळाला नाही, त्यांनी आजारी सुनेचा पेला वेगळा फळीवर ठेवायचा? काकूंना हे सांगितले तेव्हा त्या गप्प बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आल्या.

उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात सारे फुकट. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी रंगाची झाली आणि सूनबाई घाबरून रडू लागली. तो एका औषधाचा रंग असतो, घाबरण्याचे कारण नाही. भगिनींनो, हे आधीच माहीत असलेले बरे. मळमळ मात्र खरी होती. दुसऱ्या महिन्यात तिला बरे वाटू लागले, तेव्हा "आता पुरे की" असे ती म्हणू लागली. धोका इथेच असतो. मध्येच गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो. नातू रोज रात्री डबी समोर धरून उभा राहायचा. त्याच्यापुढे तिचे काही चालले नाही.

घरातल्या सर्वांची तपासणी झाली. कोणाला टीबी निघाला नाही. पुढे होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात, ते सुरू झाले. चार वर्षांची नात ते गुळाबरोबर घ्यायची. रोग्याच्या आहारासाठी सरकार २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये बँकेत जमा करीत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ते पैसे उशिरा का होईना आले. अंडी, शेंगदाणे, सुकट, डाळ यांवरच ते खर्च करायचे असा घरात नियम झाला.

आता लेकीची गोष्ट. एप्रिलमध्ये कल्याणहून पाहुणे आले. मुलगा चांगला, नोकरी पक्की. चहा झाल्यावर मुलाच्या मामांनी सहज विचारले, "घरातल्या वहिनी दिसत नाहीत?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. लेक ट्रे खाली ठेवून म्हणाली, "मामा, वहिनी आत आहेत. त्यांना टीबी झाला आहे, औषध चालू आहे. आमच्या सर्वांची तपासणी झाली आहे, कागद दाखवते." तिने खरेच कागद आणून दाखवले. पाहुण्यांनी ते पाहिले, छान म्हणाले, उठले. दहा दिवसांनी निरोप आला की मुलाला इतक्यात करायचे नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "मी सांगितले होते." लेक काही बोलली नाही, डबा भरून कामावर गेली. त्या रात्री सूनबाई जेवली नाही. नणंदेचे माझ्यामुळे मोडले, हेच तिच्या मनात. लेकीने तिला जवळ बसवून घास भरवला आणि म्हणाली, "वहिनी, जे खरे ऐकून उठले, ते खोट्यावर किती दिवस बसले असते?"

पण बोललेले वाया जात नाही. गोष्ट चाळीत पसरली, आणि तीन बायका एकेक करून आमच्याकडे आल्या, त्याही दिवेलागणीनंतर, दार ओढून घेत. तिघींनाही कित्येक दिवसांचा खोकला. सूनबाई स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. एकीला दमा निघाला, एकीला विशेष काही नाही. तिसरीला टीबी. तिच्या घरात तान्हे मूल होते.

मे महिना गोड गेला. दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत बेडक्यात जंतू दिसले नाहीत. १२ मे रोजी बुद्धपौर्णिमा, त्या दिवशी खीर झाली; आणि १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. नातवाला ७४ टक्के. पुन्हा खीर! २६ मे रोजीच मुंबईत पाऊस आला, नेहमीपेक्षा बराच लवकर. दुसऱ्या दिवशी रमाईंचा स्मृतिदिन. माता रमाई दीर्घ आजारानंतर १९३५ साली राजगृहात गेल्या. विहारात त्यांच्याविषयी बोलताना सूनबाईने प्रथमच सर्वांसमोर आपल्या आजाराचे सांगितले. आपल्या बाया दुखणे अंगावर काढतात आणि आपण त्यालाच सोशिकपणा म्हणतो, असे ती म्हणाली.

कारखान्यात मात्र तिच्या मशीनवर दुसरी बाई बसवली गेली होती. दवाखान्याची चिठ्ठी दाखवूनही मालकाने ऐकले नाही. आता ती घरीच साड्यांना फॉल-बिडिंग करते. पैसा कमी येतो.

जूनमध्ये मनीला तीन पिल्ले झाली. एक दगावले, दोन बालवाडीच्या ताईंनी नेली. थोरल्याने तिला टेम्पोतून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन शस्त्रक्रिया करून आणली. एका खोलीत किती जीव मावणार! १२ जुलैला गल्लीतल्या कुत्र्याने नातीच्या पोटरीला चावा घेतला. हळद-चुना काही लावू दिला नाही. साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे जखम धुतली आणि तडक रुग्णालय गाठले. रक्त आले होते, म्हणून जखमेत सीरमचे इंजेक्शनही दिले. लसीच्या पुढच्या तारखा १५ जुलै, १९ जुलै आणि ९ ऑगस्ट. एकही चुकवली नाही. चुकवायची नसतेच.

आमच्यापैकी एकाच्या डोळ्यातला मोतीबिंदू याच काळात काढला, दुसऱ्याची साखर वाढलेली निघाली. म्हातारपणी हे चालायचेच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूनबाईच्या गोळ्या संपल्या. वजन ४१ वरून ४९ किलो. वर्षावास चालू होता. विहारात रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, त्या आठवड्यात वाचनाची पाळी तिने मागून घेतली. अर्धा तास वाचले. मध्ये एकदाही थांबावे लागले नाही.

ऑक्टोबरमध्ये अंबरनाथचे पाहुणे आले. या वेळी सूनबाईच चहा घेऊन बाहेर आली आणि बसल्या बसल्या सारे सांगून टाकले. मुलाच्या आईने विचारले, "कोर्स पुरा केलात ना?" केला म्हणताच त्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जावेला झाला होता. सहा महिने मीच गोळ्या काढून देत होते." मग दोघी गोळ्यांच्या मळमळीवर इतका वेळ बोलल्या की मुलगा-मुलगी बाजूलाच राहिली.

१४ डिसेंबरला विहारात साखरपुडा झाला. लेकीच्या साडीला फॉल सूनबाईनेच लावला. मुलाकडच्यांच्या घरी कुत्रा आहे, तेव्हा मनी आमच्याकडेच राहणार. लेकीचा काही हट्ट नव्हता, पण नातीने नव्या पाहुण्यांना तसे आधीच बजावून ठेवले आहे.