चिनी शीलाचा जमाखर्च

चीनमधील तरुण पिढीने विवाहपूर्व शरीरसंबंधांविषयीचे जुने निर्बंध झुगारून दिले आहेत, असे विधान आज सर्रास केले जाते. ते खोटे नाही. समाजशास्त्रज्ञ ली यिन्ह यांच्या १९८९ मधील बीजिंगच्या पाहणीत अशा संबंधांची कबुली देणारे जेमतेम १५ टक्के निघाले होते. पुढील दोन-अडीच दशकांतील पाहण्यांत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. परंतु आचरण बदलले म्हणजे न्यायबुद्धीही बदलली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

चीनमध्ये स्त्रीचे शील हा केवळ नीतीचा विषय कधीच नव्हता. विधवेने एक वेळ उपासमारीने मरावे, पण पुनर्विवाह करू नये, असा दंडक अकराव्या शतकातील कन्फ्यूशियन विचारवंत चेंग यी यांनी सांगितला. १३६८ मध्ये मिंग राजवटीने त्याला सरकारी मोल दिले. तिशीच्या आत वैधव्य आलेली स्त्री पन्नाशी उलटेपर्यंत तशीच राहिली, तर तिच्या दारावर सन्मानचिन्ह लागे आणि कुटुंबाला सक्तीच्या सरकारी श्रमातून सूट मिळे. संयम तिचा, सवलत घराण्याची! लू शुन यांनी १९१८ मध्ये ‘नवयुवक’ मासिकातून याच विषमतेवर बोट ठेवले. स्वतः अनेक स्त्रिया करणाऱ्या पुरुषाने स्त्रीकडून एकनिष्ठेची अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावी, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

साम्यवादी राजवटीने १९५० च्या विवाह कायद्याद्वारे रखेली ठेवण्यास आणि विधवाविवाहात अडथळा आणण्यास बंदी घातली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि घराण्याच्या पहाऱ्याची जागा शासनाच्या पहाऱ्याने घेतली. १९७९ च्या दंडसंहितेतील ‘गुंडगिरी’च्या संदिग्ध कलमाचा बडगा विवाहबाह्य संबंधांवरही उगारला जाई, ते कलम १९९७ मध्ये गेले. विवाहनोंदणीसाठी कामाच्या ठिकाणचे प्रमाणपत्र आणण्याची अटही २००३ मध्ये संपली.

पहारा उठला, पण किंमत कोण मोजते? शिक्षण आणि नोकरीमुळे प्रथम विवाहाचे सरासरी वय २०२० च्या जनगणनेत २८ च्या पुढे गेले. यौवन आणि विवाह यांतील या दीर्घ काळात संबंध दोघांचे असले, तरी परिणाम एकटीच्या वाट्याला येतात. २०१४ ते २०१९ या काळात देशात दरवर्षी ९० लाखांहून अधिक गर्भपात नोंदले गेले. त्या सर्व स्त्रिया अविवाहित नव्हत्या, हे खरे. पण अविवाहितेला हे दुखणे बहुधा लपूनछपून सोसावे लागते. कौमार्य ‘पूर्ववत्’ करून देणारी खासगी रुग्णालये शहरांतून चालतात. पुरुषासाठी अशा शस्त्रक्रियेची गरज कोणाला भासलेली नाही.

जन्मदर घसरताच शासनाचा सूर पालटला. २०२३ मध्ये सिचुआन प्रांताने अविवाहितांनाही अपत्यनोंदणीची मुभा दिली. हे पाऊल स्वागतार्ह होय. मात्र २०२४ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने बीजांडे गोठविण्याची परवानगी मागणाऱ्या एका अविवाहितेचा दावा अंतिमतः फेटाळला. अविवाहित पुरुषाला आपले वीर्य साठविता येते. कालपर्यंत अपत्ये कमी हवी होती, आज अधिक हवी आहेत. दोन्ही वेळा हिशेब राष्ट्राचा आणि देह स्त्रीचा. तिच्या शीलाचा जमाखर्च मांडण्याचा अधिकार जोवर तिच्याकडे येत नाही, तोवर लू शुन यांचा प्रश्न अनुत्तरितच राहणार.