आधी तार बांधा, मग रेडिओ घ्या!

गेल्या रविवारी सकाळी सकाळी एका मित्राचा फोन. हा माझ्यासारखाच आयटीवाला, हिंजवडीत बसतो, दोन वर्षांपूर्वी हॅम रेडिओची परीक्षा पास झालाय. म्हणाला, "बँड मेलाय रे. अख्खा शनिवार सीक्यू सीक्यू करून ओरडलो, कुत्रं नाही आलं. आता लिनियर अ‍ॅम्प्लिफायरच घ्यावा म्हणतोय."

मी विचारलं, अँटेना काय आहे?

"ती रे, ऑनलाइन मागवलेली. बाल्कनीत लावलीये. सगळे बँड चालतात तिच्यावर. आणि एसडब्ल्यूआर एकदम वन पॉइंट टू!"

इथे माझं डोकं फिरलं. फोनवर त्याला जे बोललो ते छापण्यालायक नाही. जे छापण्यालायक आहे ते इथे लिहितोय.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉलसाइन मिळवायची आणि मग शॉर्टवेव्हवरून जगभरच्या हॅमशी थेट बोलायचं. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही, कंपनी नाही. तुमची लहर वर आयनोस्फिअरला धडकते, वाकून खाली येते, आणि इटलीतला कुणी तुम्हाला "गुड इव्हनिंग" म्हणतो. लांबच्या अशा संपर्काला आम्ही डीएक्स म्हणतो.

आता मुद्दा. आपल्या पिढीच्या हॅमना एक रोग झालाय. रेडिओ लाखाचा, अँटेना नावापुरती. रेडिओला स्क्रीन असते, फोटो छान येतो, ईएमआयवर मिळतो. तारेचा फोटो काय काढणार? शिवाय तार विकत घेऊन भागत नाही, ती बांधावी लागते. त्यासाठी झाडाखाली उभं राहावं लागतं, हात काळे होतात, आणि चुकली तर दोष द्यायला कंपनी नसते. म्हणून मग "सगळे बँड चालतात" असली जादूची कांडी मागवायची आणि ती चालली नाही की सूर्यावरच्या डागांना शिव्या घालायच्या.

आणि तो एसडब्ल्यूआर! अरे बाबा, एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की रेडिओने पाठवलेली पॉवर परत येत नाहीये. ती कुठे गेली हे तो सांगत नाही. डमी लोड नावाचा एक रेझिस्टर असतो, त्याचा एसडब्ल्यूआर एकास एक, जगात सर्वात सुंदर. त्यावर शंभर वॉट सोडले तर तो गरम होतो आणि आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. बाल्कनीतल्या बऱ्याच जादूच्या कांड्या या डमी लोडच्या मावसबहिणी असतात.

अ‍ॅम्प्लिफायरचंही गणित करून टाकू. शंभर वॉटचे चारशे केले तर वाढ होते सहा डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर फक्त एक एस-युनिट. आणि ऐकण्यात फरक शून्य. जो तुम्हाला ऐकूच येत नाही, त्याच्याशी काय बोलणार?

हे सगळं मी मोठ्या तोंडाने सांगतोय, पण हाच मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत तसलीच कांडी लावली होती. मीटरवर कायम एस-नाइनचा खर्रर्र आवाज. इमारतीतला प्रत्येक एलईडी, प्रत्येक चार्जर, प्रत्येक इन्व्हर्टर माझ्याशी बोलत होता, फक्त जग सोडून. मग गच्चीवर तार टाकायला गेलो तर सोसायटीचं पत्र आलं, की "सदर तारेमुळे इमारतीचे सौंदर्य बाधित होते". (सौंदर्य! गच्चीवर सोळा डिश अँटेना आणि गळकी टाकी होती.) शेवटी वैतागून रेडिओ आणि बॅटरी गाडीत टाकली आणि गावी गेलो. आमचं गाव परंडा, जिल्हा धाराशिव, म्हणजे आधीचं उस्मानाबाद. आता माझ्या परवान्यावर पत्ताही तिथलाच आहे.

वाटेत दौंड लागतं. दौंड म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं. पण १९२७ साली भारत-इंग्लंड थेट शॉर्टवेव्ह बीम सेवा सुरू झाली तेव्हा इकडून पाठवायचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि इंग्लंडचे संदेश ऐकायचं केंद्र होतं या दौंडला. ऐकायचे कशावर? तारांवर. उंच मनोऱ्यांमध्ये पडद्यासारख्या टांगलेल्या, इंग्लंडकडे तोंड केलेल्या तारा. त्याआधी १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश पकडला, तोसुद्धा पतंगाला बांधलेल्या तारेवरच. तेव्हा "साध्या तारेने काय होतंय" असं म्हणणाऱ्याने आधी दौंडला उतरून चहा प्यावा.

तर परंडा. शेतावर एक लिंब, एक चिंच, विहिरीवर एक बाभूळ. माझ्याकडे घरगुती वायरिंगची दीड एमएमची तार, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि नायलॉनची दोरी. केबल सोडली तर सगळा खर्च हजाराच्या आत.

डायपोलचं गणित सातवीतलं पोरगं करेल. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये लांबी मिळते. वीस मीटर बँडवर १४.१५ ला भागलं की १०.१ मीटर. मधोमध कापून दोन सारखे पाय करा, मध्ये केबल जोडा. तारेवर प्लास्टिकचं आवरण असेल तर लांबी थोडी कमी लागते, म्हणून आधी जास्त ठेवा आणि टोकं दुमडत दुमडत जमवा. केबलचीच आठ-दहा वेढ्यांची गुंडाळी जोडापाशी करा, म्हणजे केबल स्वतः अँटेना व्हायला जात नाही. झालं. एवढीच "टेक्नॉलॉजी".

दोरी झाडावर टाकायचा प्रश्न काकांनी सोडवला. मी अर्धा तास दगड भिरकावत होतो. काका बघत बसलेले. शेवटी म्हणाले, "आरं लेकरा, तुझ्यानं न्हाई व्हायचं." उठले, ज्वारीवरची पाखरं हाकायची गोफण आणली, दगडाला मासे धरायची बारीक दोरी बांधली, आणि तिसऱ्या फेकीत लिंबाच्या शेंड्यावरून पार! दहा मीटर उंची. वर विचारलं, "एवढ्या उंच धुणं कुणाचं वाळत घालायचंय?"

संध्याकाळी चालू केलं. त्यात लाइट गेलेली. मीटरवर आवाज जेमतेम एस-टू! पुण्यातल्या एस-नाइनच्या मानाने सात एस-युनिट कमी, म्हणजे मीटरवर विश्वास ठेवला तर बेचाळीस डेसिबल, म्हणजे जवळजवळ सोळा हजार पट. लोडशेडिंगला मी आयुष्यात पहिल्यांदा नमस्कार केला.

पण गंमत पुढेच आहे. जपान मस्त ऐकू येतंय आणि युरोप मात्र कुजबुजतोय. का? तर मी सोयीची झाडं बघून तार बांधली होती वायव्य-आग्नेय. डायपोलचा जोर असतो तारेच्या दोन्ही कुशींना, टोकांना नाही. परंड्याहून लंडन सरळ रेषेत जवळजवळ बरोबर वायव्येला, सुमारे ७,४०० किलोमीटर. म्हणजे मी युरोपकडे तारेचं शेपूट करून बसलो होतो! पुढच्या शनिवारी तीच तार लिंबावरून चिंचेवर नेली, ईशान्य-नैऋत्य. रेडिओ तोच, वॉट तेवढेच. साडेसातला इटलीतल्या एका निवृत्त माणसाने पहिल्या हाकेला ओ दिली. आणि ऑस्ट्रेलिया आग्नेयेला, त्यामुळे तो फुकटात मिळाला. ही अक्कल कुठल्या खोक्यात येत नाही हो.

उंचीचंही तसंच. वीस मीटर बँडसाठी दहा मीटर उंची म्हणजे अर्धी तरंगलांबी. लहर क्षितिजापासून तीसेक अंशांवर निघते, लांब जाते. त्याच उंचीवर चाळीस मीटर बँडची तार बांधली तर ती पाव तरंगलांबीवर येते आणि बराचसा जोर सरळ आभाळात. मग ब्राझील विसरा, पण लहर वरून आदळून तीनचारशे किलोमीटरच्या आत सगळीकडे पडते, अगदी डोंगराआडसुद्धा.

हे शेवटचं वाक्य नुसतं शौकाचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, आमचाच जिल्हा. काका सांगतात, परंड्यातसुद्धा माणसं घराबाहेर येऊन बसली होती, आणि तिकडच्या पाहुण्यांचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. किल्लारी परंड्यापासून शंभरेक किलोमीटर. बाल्कनीतली कांडी तिथे काय करणार? अशा वेळी हवी दोन खांबांमध्ये खालीच ताणलेली वीस मीटर तार, एक बॅटरी, आणि ती तार का खाली ताणायची हे माहीत असलेला एक माणूस. कुरिअर त्या दिवशी येत नाही.

दुसरं उदाहरण. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानला गेले होते ते डीएक्ससाठीच, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याच हौसेसाठी. २६ तारखेला त्सुनामी आली. पोर्ट ब्लेअरमधलं ते हौसेचं स्टेशन बाहेरच्या जगाशी बोलायचा दुवा झालं. हौस होती म्हणून हात तयार होते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला शेत नाही. कबूल. पण गच्ची आहे, बारीक तार लांबून दिसतही नाही, आणि सोसायटीच्या बैठकीला जाऊन भांडता येतं (मी गेलो नाही, ही माझी चूक). कुणाच्या तरी मामाचं शेत असतंच. दर शनिवारी मॉलमध्ये पार्किंग शोधण्यापेक्षा ते शोधा.

फक्त दोन गोष्टी डोळे मिटून पाळा. विजेच्या लाइनजवळ तार नको. तुटून पडली किंवा दोरी फेकताना चुकली तरी लाइनला लागणार नाही इतकी लांब हवी. आणि वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर. वीज कुणाचा कॉलसाइन विचारत नाही.

असो. मित्राला सांगितलंय, अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे बँकेत ठेव आणि पुढच्या शनिवारी परंड्याला चल. तार मी आणतो. गोफण काकांकडे आहे.

७३! (हॅम लोक निरोप घेताना म्हणतात. अर्थ एवढाच, की शुभेच्छा.)