प्रवेशानंतरचा उंबरठा

जानेवारी २०२६ मध्ये देशभरातील विद्यापीठांच्या आवारात एक वादळ उठले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ जानेवारीला उच्च शिक्षण संस्थांमधील समतेविषयीचे नवे विनियम अधिसूचित केले आणि पाहता पाहता त्यांच्या बाजूने व विरोधात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने या विनियमांना स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चे जुने विनियम लागू राहतील, असे सांगितले. भेदभावाच्या व्याख्येत सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्याला स्थान का नाही, खोट्या तक्रारीला आळा काय, असे प्रश्न त्या वेळी विचारले गेले. ते प्रश्न गैरलागू नव्हते. कायद्याची भाषा नेमकी असावी आणि न्याय देताना नवा अन्याय होऊ नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु या गदारोळात मूळ विषय बाजूला पडला. ज्या याचिकेतून हा सारा विषय पुढे आला, ती २०१९ साली दोन मातांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केली होती. त्यांतील एक हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुलाची आई आणि दुसरी डॉ. पायल तडवीची. रोहितच्या मृत्यूचे पुढे जे राजकारण झाले, त्याविषयी वाचकांची मते काहीही असोत. पायलची कहाणी मात्र आपल्या महाराष्ट्राची आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभणारे नाही. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी. वैद्यकीय पदवी मिळवून ती मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आली. २२ मे २०१९ रोजी वयाच्या २६ व्या वर्षी तिने आपले आयुष्य संपवले. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून आणि आरक्षणातून मिळालेल्या प्रवेशावरून तिचा सतत पाणउतारा केला, असा कुटुंबाचा आरोप आहे. तिघींना अटक झाली, खटला उभा राहिला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. पण एक गोष्ट ठरवायला न्यायालयाची गरज नाही. प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, ही आपली समजूत खोटी आहे.

गेली कित्येक वर्षे आपण शिक्षणातील समतेची चर्चा केवळ प्रवेशाच्या दारापाशी करत आलो. कोणाला किती जागा, कट-ऑफ किती, कोणाची जागा गेली, कोणाला मिळाली, यातच आपली सारी शक्ती खर्च होते. दाराच्या आत गेल्यावर काय होते, हे विचारण्याची उसंत कोणालाच नसते. संसदेत डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम या संस्थांमधून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील १३,६२६ विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडले. त्यांत इतर मागासवर्गीय ६,८२५, अनुसूचित जातींचे ३,६८० आणि जमातींचे ३,१२१ होते. विद्यार्थी एका संस्थेतून दुसरीकडे जातात, त्यांना अनेक पर्याय असतात, असे स्पष्टीकरण सरकारने दिले. त्यात तथ्य आहे. प्रत्येक गळतीमागे भेदभावच असतो, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या आयआयटीच्या प्रवेशासाठी घरादाराने कर्ज काढले, गावाने हारतुरे घातले, ती संस्था मुलगा सहज सोडून येत असेल, हेही पटण्यासारखे नाही. त्याला कोणी विचारले का, की बाबा रे, तू का परतलास?

भेदभावाचे रूप बदलले आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी तो उघड आणि निर्लज्ज होता. शाळकरी भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेल्यामुळे त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले हेच विद्वान १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी सामाईक भांड्यातले पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याची नोंद चरित्रकारांनी करून ठेवली आहे. आज पाण्याचे भांडे वेगळे ठेवण्याची कोणाची छाती नाही. मात्र जे लेखी राहिले नाही, ते अलिखित झाले. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता मार्गदर्शक मिळतो, प्रयोगशाळेत कोणाला यंत्र आधी मिळते, परिषदेला कोणाला पाठवले जाते, मौखिक परीक्षेत कोणाला किती गुण पडतात, यांची कारणे कोठेही लिहिलेली नसतात. ज्या गुणांची उत्तरपत्रिका नसते, तेथे पूर्वग्रहाला लपायला भरपूर जागा असते.

याचे बोलके उदाहरण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आहे. सामाजिक न्यायाच्या घोषणा देशात सर्वाधिक मोठ्या आवाजात तेथे दिल्या गेल्या. त्याच विद्यापीठाने नेमलेल्या प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीने २०१६ साली प्रवेशाच्या आकडेवारीचा अभ्यास केला, तेव्हा लेखी परीक्षेच्या तुलनेत मुलाखतीच्या गुणांमध्ये सामाजिक गटांनुसार भेदाचा आकृतिबंध सातत्याने दिसून आला. मुलाखतीचे गुण १०० पैकी ३० होते, ते १५ वर आणावेत, अशी शिफारस समितीने केली. पुरोगामित्वाचा बालेकिल्ला म्हणवणाऱ्या परिसरात बंद दाराआड हे घडत होते. घोषणा भिंतीवर असतात आणि गुण मात्र मुलाखत घेणाऱ्याच्या हाती असतात.

असेच काहीसे सातासमुद्रापारही दिसले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी दिला आणि वंशाचा विचार करणारी तेथील प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरवली. त्या खटल्यात एक बाब पुढे आली. आशियाई वंशाचे अर्जदार अभ्यासात सरस असूनही 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यात त्यांना सरासरीने कमी गुण पडत होते. हेतुपुरस्सर भेदभाव केल्याचे विद्यापीठाने नाकारले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा रकाना चांगलाच झोंबला. आपल्या मुलीने गणितात, विज्ञानात, संगीतात बाजी मारली. मग तिच्या 'व्यक्तिमत्त्वा'त कमी काय होते, असे त्यांना वाटणे साहजिक होते. त्यांची वेदना आपल्याला चटकन कळते. मग तीच वेदना नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाने सांगितली, की आपण तिला 'न्यूनगंड' म्हणून बाजूला का सारतो? तो दंडक तिकडे अन्यायाचा आणि इकडे गुणवत्तेचा, असे दुटप्पी माप वापरता येणार नाही.

गुणवत्ता या शब्दाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. आमच्या वाचकवर्गात हा शब्द मोठ्या श्रद्धेने उच्चारला जातो आणि ती श्रद्धा अस्थानी नाही. मात्र गुणवत्ता ओळखणारी नजर नेहमीच निर्मळ असते, असे नाही. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाच्या तयारीने उभ्या राहिल्या. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षेचे आणि वर अपमानास्पद अटी. वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत पालटले आणि त्या संस्थेचे दार अन्य मुलींसाठीही उघडले. पुढे कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, मायदेशी परतून नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या. रामन यांच्या विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रकाशाचे विकिरण ओळखणाऱ्या त्या दृष्टीला समोर उभी असलेली गुणवत्ता दिसली नाही. एवढ्या थोर माणसाचे असे होऊ शकते, तर आपल्या महाविद्यालयातील विभागप्रमुखांचे होणारच नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि कमलाबाईंइतका खंबीरपणा नसलेल्या किती मुली त्या दारातून मुकाट्याने परतल्या असतील, याचा हिशोब कोणी ठेवला आहे?

विविधता, समावेशन हे शब्द परदेशातून आले आहेत, समाजात फूट पाडण्यासाठी ते वापरले जातात, असा आक्षेप आपल्या वर्तुळात घेतला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांच्या संघर्षाचा साचा उचलून हिंदू समाजावर बसवण्याचा उद्योग काही मंडळी करतात, हे खरे आहे. त्यांना दुखणे बरे करण्यापेक्षा ते चिघळत ठेवण्यात रस असतो. पण शब्द परके असले म्हणून दुखणे परके होत नाही. औषधाची चिठ्ठी परक्या भाषेत लिहिली आहे, म्हणून आजारच नाही असे म्हणणारा रुग्ण शहाणा ठरत नाही.

शिवाय या दुखण्यावरचा इलाज महाराष्ट्राने फार पूर्वीच शोधला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानात आरक्षण दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यासोबत त्यांनी कोल्हापुरात विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, हे कमी वेळा सांगितले जाते. जागा राखून ठेवायची आणि मुलाला राहायला, जेवायला, अभ्यासाला आधारही द्यायचा, अशी त्यांची दुहेरी दृष्टी होती. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी एक पाऊल पुढे टाकले. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एकाच पंक्तीला जेवली. समावेशन म्हणजे काय, हे त्या पंक्तीने कोणत्याही परिभाषेविना शिकवले. बाळासाहेब देवरसांनी १९७४ च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेचे कोणत्याही प्रकारे समर्थन होऊ शकत नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्या भाषणाला आता अर्धशतक उलटून गेले आहे. त्याचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. त्याची कसोटी मात्र व्याख्यानमालेत लागत नाही. महाविद्यालयाच्या खानावळीत, प्रयोगशाळेत आणि मौखिक परीक्षेच्या खोलीत लागते.

मग करायचे काय? नियम हवेतच. २०१२ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे सांगितले. तो अधिकारी विभागप्रमुखांच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर विद्यार्थी त्याच्याकडे जाणार नाही. तक्रारीवर ठरावीक मुदतीत निर्णय व्हावा. तक्रार करणाऱ्याला संरक्षण मिळावे आणि ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी असावी. खुला प्रवर्ग असो वा राखीव, न्यायाची रीत एकच राहावी. मौखिक परीक्षेचे गुण देताना कारणे लिहून ठेवावीत. संशोधनासाठी मार्गदर्शक कसे वाटले जातात, हे फलकावर लावावे. मराठी माध्यमातून, आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या सहामाहीत इंग्रजीचा आणि विषयाचा हात द्यावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, तर संस्थेचे काम म्हणून. शिक्षण सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याशी बोलून कारण नोंदवावे. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

परंतु नियमांच्याही आधीचे एक ठिकाण आहे, आणि ते म्हणजे आपले घर. वसतिगृहात पहिल्याच दिवशी 'तुझा रँक किती रे?' असे विचारणारा मुलगा तो प्रश्न आकाशातून घेऊन येत नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी वडील कोणा डॉक्टरविषयी 'कोट्यातला असणार' असे सहज बोलून जातात, ते तो ऐकत असतो. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाच्या यशाला लावलेले 'त्यांचे काय, त्यांना सवलत आहे' हे शेपूट त्याच्या कानांवर पडलेले असते. आरक्षणाचे धोरण कसे असावे, किती काळ असावे, यावर मतभेद असू शकतात आणि ते संसदेत, न्यायालयात, सभांत मांडावेत. पण धोरणावरचा राग समोर बसलेल्या मुलीवर काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने नियमानुसार प्रवेश घेतला आहे, तीच परीक्षा ती देणार आहे आणि उद्या तीच आपल्या लेकीसुनांची बाळंतपणे करणार आहे.

आमच्या वाचकांत शिक्षक, प्राध्यापक, डॉक्टर आणि संस्थाचालक मोठ्या संख्येने आहेत. कार्यकर्ते तर गावोगावच्या महाविद्यालयांत रोज जातात. त्यांना एकच विनंती. नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या महिन्यात आपल्या गावातल्या एखाद्या वसतिगृहात जा. भाषण देऊ नका. दूर खेड्यातून, पाड्यावरून आलेल्या मुलांशेजारी जेवायला बसा आणि कसे चालले आहे ते विचारा. ते बोलतील तेव्हा मध्येच समजूत घालू नका, खुलासे देऊ नका, आधी ऐकून घ्या. त्यांना सणाला घरी बोलवा. हिंदू समाज एक आहे, असे आपण म्हणतो. ते खरे आहे की नाही, याचे उत्तर देण्याचा पहिला अधिकार त्या मुलांचा आहे.