फोर बाय फोरनं नाला ओलांडत नाही, भाऊ!

पावसाळा लागला की आपल्याकडे एक उपाय हमखास निघतो. भामरागड तालुक्याला फोर बाय फोर गाड्या द्या, म्हणजे प्रश्न मिटला! नागपूरहून आलेले साहेब हे बोलतात आणि टपरीवर आपली पोरंही बोलतात. मनालीच्या बर्फात सरसर चढणाऱ्या जीपचा रील मोबाईलवर पाहिला की वाटतं, बर्फात चालते तर आपल्या चिखलात का नाही चालणार?

चला, त्या बर्फापासूनच सुरू करू. बर्फ पडला की अटल बोगद्याकडे फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्याच गाड्या सोडतात, हे खरं. पण ही गाडी करते काय? इंजिनचा जोर दोनऐवजी चार चाकांना वाटून देते. एवढंच. चाकाची पकड ती वाढवत नाही, ती टायर आणि साखळीची कामगिरी. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, म्हणून उतारावर ही गाडीही तशीच घसरते. आणि बर्फ गाडीच्या पोटापर्यंत आला की गाडी त्यावर टेकते, चाकं अधांतरी फिरत राहतात. मग चार चाकं असोत की आठ.

आता बर्फाच्या जागी आषाढातला आपला चिखल ठेवा. ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीत जीप उतरली की मधला उंचवटा पोटाला लागतो, खेळ खलास. साध्या डिफरेंशियलमध्ये जोर घसरणाऱ्या चाकाकडे पळतो, त्यामुळे एक्सलेटर दाबाल तितके खोल जाल. शहरातल्या ज्या एसयूव्हीवर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेलं असतं, त्यातल्या बहुतेकींना तर लो गिअरसुद्धा नसतो. त्यांचं न बोललेलंच बरं.

उलट आपला ट्रॅक्टर बघा. बहुतेक ट्रॅक्टरांना जोर फक्त मागच्या दोन चाकांचा. तरी तो धानाच्या बांधीत चिखलणी करतो, अन् रस्त्यात फसलेली जीपही तोच ओढून काढतो. कारण त्याची चाकं उंच, दात खोल आणि पोट जमिनीपासून वर. जुन्या ड्रायव्हरांना हे शिकवावं लागत नाही. ते आधी टायरची हवा कमी करतात, मग गाडी चिखलात घालतात.

पण खरी गोष्ट चिखलाची नाहीच, पाण्याची आहे. फूटभर वाहतं पाणी लहान कार उचलू शकतं, दोन फूट पाणी मोठ्या गाडीलाही ढकलतं. चाक जमिनीवरून उठलं की चारही चाकांचा जोर काय चाटायचा? हेमलकसा ते भामरागड जेमतेम 3 किलोमीटर, मधे पर्लकोटा. तिचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षं बुडत आला. 2019 च्या पुरात तर भामरागडच्या बाजारात पाणी शिरलं. त्या दिवशी दारात कितीही भारी गाडी उभी असती, तरी आलापल्लीला कोण पोचलं असतं?

1973 मध्ये हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा पावसाळ्यात इथला जगाशी संबंधच तुटायचा. आज डांबर आलं, टॉवर आले. पण लाहेरीच्या पुढच्या गावातली बाळंतीण अजून खाटेच्या कावडीवरच येते. का? नाल्यावर पूल नाही म्हणून. किंवा आहे तो रपटा, जो पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याखाली जातो.

ॲम्ब्युलन्सला फोर बाय फोर जरूर द्या, माझी ना नाही. उघड्या दिवसात घाटीच्या वाटेवर तिचा उपयोगच आहे. पण तिला चांगले टायर द्या, डिझेल द्या, आणि ती चालवायला शिकलेला ड्रायव्हर कायम ठेवा. नाही तर गाडी तालुक्याच्या आवारात उभी राहील आणि कुठल्या तरी साहेबाच्या दौऱ्याला निघेल.

माझं भांडण वेगळंच आहे. पूल बांधायला वर्षं लागतात, गाडीची चावी मात्र एका दुपारी हार घालून देता येते, फोटोही छान येतो. म्हणून पुलाची मागणी केली की गाडी दाखवतात.

तेव्हा यंदा कुणी चावी घेऊन आलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढं विचारा: साहेब, आमच्या नाल्याचा रपटा किती फूट उंच करणार, आणि कुठल्या उन्हाळ्यात?